घंटीवाल्या बाबुलालचं बरं होणं

बाबुलाल सुखदेवे भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या बाजूच्या एका मँगनीज खाणीत बँक्समन आहे. हे झालं कागदावरचं पद. खाणीच्या वसाहतीत त्याला सगळे घंटीवाला म्हणतात. खाणीच्या तोंडाशी एक लोखंडी पिंजरा असतो, त्यात उभी राहून माणसं खाली जातात. पिंजरा सोडणारा इंजिनवाला बाजूला वेगळ्या खोलीत बसतो. त्याला पिंजरा दिसत नाही, फक्त घंटी ऐकू येते. आधी तीन टोले म्हणजे आत माणसं आहेत, जपून. मग दोन टोले म्हणजे खाली सोड. चालत्या पिंजऱ्याला एक टोला म्हणजे जागीच थांब. हे टोले देणारा माणूस म्हणजे बाबुलाल.

अठरा वर्षं त्याने हे काम केलं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाशी काहीतरी बोलल्याशिवाय तो पिंजऱ्याचं दार लावत नसे. कोणाचा खोकला चार दिवसांपासून हटत नाही, कोणाच्या पोरीचा बारावीचा निकाल लागायचा आहे, सगळं त्याला ठाऊक. मी वसाहतीच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवलं. त्याची मुलगी रीना माझी विद्यार्थिनी. बाबुलाल माझ्याहून लहान, म्हणून त्याला अरे-तुरे. मंगलाबाईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, मात्र मी कधी एकेरी बोललो नाही. पुढचं सगळं मी या दोघांकडूनच ऐकलं आहे, आणि काही डोळ्यांनी पाहिलंही आहे. लिहू का, असं विचारलं तेव्हा बाबुलाल म्हणाला, "लिवा ना गुरुजी. लपवून काय भेटणार हाय?"

तीन वर्षांपूर्वी, शिवारात धानाची कापणी चालली होती तेव्हा हे सुरू झालं. कारण विचाराल तर नव्हतंच. घरात कोणी आजारी नाही, कोणाशी भांडण नाही, रीना भंडाऱ्याला सासरी सुखात, आणि तिला दिवस गेलेले. तरी बाबुलाल पहाटेच जागा होई आणि छतावरच्या पंख्याकडे पाहत पडून राही. आवडीचा झिंग्याचा रस्सा पुढे आला तरी भात नुसता चिवडे. रविवारी बुद्धविहारात वंदनेला जाणं थांबलं. अंग जड, आंघोळीची बादली उचलायचीही इच्छा नाही.

"काहीच झालं नाई त मले काहून असं होऊन राहिलं?" तो मंगलाबाईंना विचारी. "लोकाइच्या घरी दुःख हाय. मले काय दुःख हाय सांग बरं?"

मंगलाबाई तरी काय सांगणार? शेजारीपाजारी जो तो आपापला उपाय सांगत होता. कोणी म्हणालं गरमी झाली, कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं दोन घोट मोहाची घेत जा, झोप लागेल. संध्याकाळी चार-पाचदा त्याने तेही करून पाहिलं. झोप लागे, पण जाग आली की आधीपेक्षा वाईट वाटे. सगळ्यात जास्त ऐकू आलेला सल्ला म्हणजे, "मन खंबीर ठेव." बाबुलाल म्हणतो, त्या शब्दांनी त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला. कारण मन खंबीर ठेवायचा प्रयत्न तो रोजच करत होता, आणि रोजच हरत होता.

जानेवारीत एका सकाळच्या पाळीला दहा माणसं पिंजऱ्यात चढली. बाबुलालने दार लावलं, कडी तपासली आणि घंटी ओढली. पिंजरा हलला नाही. एक मिनिट गेलं. मग इंजिनघरातून फोन आला. इंजिनवर श्यामराव होता, बाबुलालच्याच वयाचा, त्याच्यासोबत भरती झालेला.

"बाबुलाल, माल हाय का माणसं?"

"माणसं हायेत ना. दहा."

"मंग तीन टोले कुठी गेले? तू मले सरळ दोनच देल्ले."

बाबुलालने पिंजऱ्याकडे पाहिलं. जाळीच्या आड दहा टोप्या, दहा दिवे. तीन टोले दिल्याचं त्याला आठवेना, न दिल्याचंही आठवेना. माल असला की पिंजरा वेगाने सोडतात. आत माणसं असताना तसा सोडला तर काय होऊ शकतं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. या वेळेला माल जात नाही, म्हणून श्यामरावला शंका आली आणि त्याने हात आवरला. एवढंच.

बाबुलालने तीन टोले दिले, मग दोन. माणसं खाली गेली. कोणाला काही कळलं नाही. पण बदलीचा माणूस येताच तो सरळ फोरमनच्या खोलीत गेला आणि झालेलं सांगून मोकळा झाला. वर म्हणाला, "साहेब, मले घंटीवरून काढा. माह्या डोक्याचा भरोसा राहिला नाई."

पाळी सुटल्यावर श्यामराव त्याच्यावर चिडला. "कोणाले माईत होतं बे? मी काय कोणाले सांगणार होतो?"

"मले माईत होतं ना," बाबुलाल म्हणाला.

त्याच दिवशी त्याला दिवाघरात बसवलं. खाली जाणाऱ्यांना टोपीवरचे दिवे द्यायचे आणि परत आले की ते चार्जिंगला लावायचे, असं तिथलं काम. खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, साखर आणि थायरॉईड तपासलं, रक्त कमी आहे का तेही पाहिलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी समोर बसवून झोप, भूक, रडू, कामातलं लक्ष असं एकेक विचारलं, आणि तुमसरच्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे ठरावीक वारी भंडाऱ्याहून मानसोपचाराचे डॉक्टर यायचे.

मंगलाबाई सोबत गेल्या. बाबुलाल बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता. गोबरवाहीला ओळखीचं कोणी चढलं आणि विचारलं, "कुठी जाऊन राहिले?" तर तो म्हणाला, "डोळे दाखवाले." मंगलाबाई म्हणतात, त्यांना तेव्हा हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

डॉक्टर योगेंद्र पटले तुमसरच्याच बाजूचे, वयाने तरुण. बाबुलालचा पहिला प्रश्न होता, "मी पागल हाव काय, सायेब?"

"नाही. तुम्हाला नैराश्य नावाचा आजार झाला आहे. आजार आहे तो, आळस नाही आणि कमजोरीही नाही. बरा होतो."

मग डॉक्टरांनी बरंच विचारलं. दारू किती घेता? दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत? घरात असा आजार कोणाला झाला होता? कधी याच्या उलट झालं होतं का, म्हणजे झोप नसताना अंगात भलतंच बळ, मोठमोठ्या गोष्टी, भरमसाट बेत? हे कशाला, असं मंगलाबाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तसं झालं असेल तर आजार वेगळा ठरतो, आणि नुसती ही गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

शेवटी त्यांनी आवाज न बदलता विचारलं, "मरणाचे विचार येतात?"

बाबुलाल खाली पाहत म्हणाला, "मुद्दाम काही करावं असं नाई येत. पण झोपलो त उठूच नये, असं वाटते. रोजच."

बत्तीस वर्षांच्या संसारात मंगलाबाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. डॉक्टर म्हणाले, "बोलले ते चांगलं केलं. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, बोलल्याने कमी होतात."

त्यांनी एसिटालोप्रॅम नावाची गोळी लिहिली. पहिले दोन आठवडे कमी डोस, मग पुढचा. रोज सकाळी, नाश्त्यानंतर. बाबुलालने चिठ्ठी हातात घेतली, पण उठला नाही.

"हे गोळी डोक्यात जाऊन करते काय?"

डॉक्टरांनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, आणि तरी सांगितलं. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. दोन पेशींच्या मधात बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत थोडं रसायन सोडते, दुसरी ते पकडते, आणि जे उरते ते पहिली परत ओढून घेते. सेरोटोनिन नावाचं असंच एक रसायन आहे. ही गोळी त्याचं परत ओढणं कमी करते, म्हणून ते फटीत जास्त वेळ राहते."

"म्हंजे माह्यात ते कमी पडलं?"

"लोक तसं सांगतात, पण इतकं सोपं नाही ते. तसं असतं तर पहिल्याच दिवशी बरं वाटलं असतं, कारण फटीतला फरक काही तासांतच पडतो. मन वर यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कोणाला जास्तही. तेवढ्या दिवसांत मेंदू हळूहळू स्वतःला जुळवून घेतो. नेमकं कसं, ते अजून आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण फायदा होतो, हे पुष्कळ लोकांवर तपासून पाहिलेलं आहे. सगळ्यांना पहिल्याच गोळीने होतो असंही नाही. नाही झाला तर बदलू."

बाबुलाल मला म्हणाला, त्या क्षणी त्याचा डॉक्टरवर विश्वास बसला. "गुरुजी, जो माणूस आपल्याले माईत नाई ते बी सांगते, त्याच्या माईत असलेल्यावर भरोसा ठेवता येते."

जाताना डॉक्टरांनी मंगलाबाईंना थांबवलं. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. पहिले दिवस पोटात मळमळेल, जीव थोडा अस्वस्थ होईल. बहुतेक ते आपोआप थांबतं. पण तळमळ फारच वाढली किंवा मरणाचे विचार जोर करू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या. दारू बंद. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कंबर दुखली म्हणून दुकानातून कोणतीही दुखण्याची गोळी आणायची नाही. या गोळीसोबत काही गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, काहींनी त्याहूनही वाईट होऊ शकतं, आधी विचारा. मंगलाबाई चौथी शिकलेल्या, पण यातलं एक अक्षर त्या विसरल्या नाहीत. गोळ्यांची पाकिटं त्यांनी आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

पहिले दहा दिवस वाईट गेले. मळमळ, तोंडाला कोरड, पायांत एक प्रकारची चुळबूळ. बरं तर काहीच वाटेना. नवव्या दिवशी बाबुलालने गोळी हातात घेऊन परत दिली. "हे घेतल्यावर त अजूनच बेजार होऊन राहिलो. ठेव तुह्याजवळ."

मंगलाबाईंनी वाद घातला नाही. रुग्णालयाच्या भिंतीवरचा टेली-मानस या सरकारी मदतफोनचा नंबर, एक चार चार एक सहा, त्यांनी पाठ करून ठेवला होता. तो लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, बाबुलालशीही बोलली. मरणाचे विचार वाढलेत का, हे तिनेही विचारलं. वाढले नव्हते. हा त्रास सुरुवातीला पुष्कळांना होतो, स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना लवकर भेटा, असं तिने सांगितलं. पुढच्याच वारी दोघं पुन्हा तुमसरला गेले. डॉक्टरांनी वाढवायचा डोस अजून एक आठवडा पुढे ढकलला आणि तिथल्या समुपदेशक ताईंशी गाठ घालून दिली. नुसती गोळी पुरत नाही, बोलणंही लागतं, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी बाबुलालला फार लहान काम दिलं: रोज सकाळी वसाहतीच्या फाटकापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. इच्छा असो वा नसो.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी बाबुलाल जेवता जेवता म्हणाला, "आज भाजीत मीठ कमी हाय वो."

मंगलाबाई मीठ आणायला आत गेल्या आणि चुलीजवळ उभ्या राहून रडल्या. तीन महिन्यांत त्याला कोणत्याही जेवणाची चव कळली नव्हती. बाबुलालला मात्र तेव्हा काहीच बदललेलं वाटत नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, असंच होतं. घरच्यांना आधी दिसतं, माणसाला मागून कळतं. पुढे झोप आली, मग भूक, मग एका रविवारी तो पांढरा सदरा घालून विहारात जाऊन मागच्या रांगेत बसला. मार्च संपेपर्यंत दिवाघरातून त्याच्या गप्पा बाहेर ऐकू येऊ लागल्या.

गोळीने तो हसरा झाला, असं लोक म्हणत. तो म्हणे, नाही. "गोळीनं हसू नाई येत. गोळीनं खड्डा बुजला. चालणं आपल्यालेच लागते."

एक गोष्ट तो लाजत लाजत, माझ्याकडे न पाहता बोलला. नवरा-बायकोच्या संबंधात गोळीमुळे फरक पडला होता. डॉक्टरांनी ते स्वतःहून विचारलं म्हणून सांगता आलं. कितीतरी माणसं याच एका कारणाने गुपचूप गोळी सोडून देतात, असं डॉक्टर म्हणाले. सांगितलं तर त्यावरही मार्ग असतो.

मे महिन्यात रीनाच्या मुलीचं बारसं होतं. आठ दिवसांसाठी दोघं भंडाऱ्याला निघाली. त्याआधी कोणीतरी चावडीवर बोललं होतं, "डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की जिंदगीभर सुटत नाईत." ते बाबुलालच्या मनात काट्यासारखं बसलं. आपण बरे आहोत, गोळीचे गुलाम नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. मंगलाबाईंनी मोजून दिलेली गोळ्यांची पुडी त्याने घरीच, देव्हाऱ्यासारख्या सजवलेल्या बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली, आणि विचारल्यावर रोज "घेतली" म्हणून सांगितलं.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी नातीसाठी पितळेची वाटी घ्यायला तो बाजारात गेला. दुकानात भांडी पाहत असताना त्याने मान वळवली आणि डोक्यात करंट बसल्यासारखा झटका आला. मग दुसरा. पायाखालची फरशी तिरपी झाल्यासारखं वाटलं. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं. घरी येईपर्यंत अंगाला घाम, आणि जावयाच्या साध्या प्रश्नावर तो सगळ्यांसमोर खेकसला. मग स्वतःच खोलीत जाऊन रडला.

"पायलं का?" तो मंगलाबाईंना म्हणाला. "लत लागली मले. लोक खरंच बोलत होते."

तेव्हा पुडीची गोष्ट बाहेर आली. मंगलाबाई फार रागावल्या. रीनाने मात्र बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं, बापाला रिक्षात बसवलं आणि भंडाऱ्याच्या रुग्णालयात नेलं. योगेंद्र पटले त्या दिवशी तिथेच होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळी मिळावी म्हणून जीव तडफडला? डोस वाढवावा वाटला?"

"नाई. उलट आठवण बी नोको वाटे."

"मग ही लत नाही. दारूची लत कशी असते, तुम्ही पाहिली आहे. इथे झालं ते वेगळं. चार महिने शरीराला एका गोष्टीची सवय झाली, तुम्ही ती एका दिवसात काढून घेतली. म्हणून झटके, चक्कर, चिडचिड. हळूहळू कमी केली असती तर बहुधा इतका त्रास झाला नसता. आणि सोडायची घाईही झाली. बरं वाटायला लागलं म्हणजे आजार संपला असं नाही. त्यानंतरही सहा ते नऊ महिने तरी घ्यावी लागते, नाहीतर तो परत येण्याची भीती असते. जिंदगीभर घ्यावी लागेल असं मी म्हटलं होतं का?"

"नाई म्हटलं."

"मग चावडीवरच्या डॉक्टरांचं काहून ऐकलं?"

रीना हसली, मग बाबुलालही. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि तीन-चार दिवसांत झटके थांबले. बारसं नीट झालं. नातीचं नाव डिंपल ठेवलं. जावयाची माफी त्याने सगळ्यांसमोर मागितली. जावई बिचारा इतका संकोचला की उठून बाहेरच गेला.

ऑगस्टमध्ये खाणीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा तपासलं. पटले डॉक्टरांचं पत्र होतंच: आजार आटोक्यात आहे, गोळीने झोप किंवा गुंगी येत नाही, लक्ष ठीक आहे. तरी व्यवस्थापनाने त्याला लगेच एकट्याने घंटीवर उभं केलं नाही, आणि त्यालाही ते बरोबर वाटलं. पंधरा दिवस दुसऱ्या बँक्समनसोबत काम. पहिल्या दिवशी त्याने पिंजऱ्यातली माणसं मोठ्याने मोजली, दार लावलं, कडी ओढून पाहिली. तीन टोले दिले. थांबला. मग दोन.

इंजिनघरातून फोन वाजला. त्याने लगेच उचलला.

"काही नाई बे," पलीकडून श्यामराव म्हणाला. "बरोबर आले टोले. म्हटलं सांगून द्यावं."

पुढचं वर्ष साधं गेलं, आणि साधं वर्ष काय असतं हे त्या घराला आता कळलं होतं. एकदा कंबर धरली तेव्हा श्यामरावने खिशातली दुखण्याची गोळी पुढे केली. बाबुलालने ती घेतली नाही, दवाखान्यात जाऊन आपल्या गोळीसोबत चालेल अशी मागितली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी डोस अर्धा केला. दोन महिन्यांनी त्याहून कमी, मग बंद. मधे एकदा चार दिवस झोप बिघडली, तेव्हा डॉक्टरांनी कमी करणं तिथेच थांबवलं आणि महिनाभराने पुढे नेलं. डोस कमी करण्याचीही अशी एक चाल असते, हे मी त्याच्यामुळे शिकलो. आजार पुन्हा येणारच नाही, अशी हमी डॉक्टरांनी दिलेली नाही. पहाटे जाग येऊ लागली, जेवणाची चव गेली, माणसं नकोशी झाली, यातलं काहीही आठवडाभर टिकलं तर यायचं, असं मंगलाबाईंशी ठरलं आहे. बाबुलालशी नाही, मंगलाबाईंशी. आज वर्ष होत आलं, तसं काही झालेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे भोजराज आला. आंबागडचा, धानाची शेती करणारा, खाणीत दगडाच्या गाड्या भरायला येणारा माणूस, वय पस्तीस. अंगणात बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमच्या त्या गोळ्या उरल्या असतीन त दोन पत्ते मले द्या. मले बी तसंच होऊन राहिलं."

बाबुलालने विचारलं, काय होऊन राहिलं. भोजराज बोलू लागला. बोलत राहिला. मंगलाबाईंनी दोनदा चहा आणला. मी शेजारीच, माझ्या घराच्या ओट्यावर होतो. उठून आत गेलो, कारण ते माझ्या कानांसाठी नव्हतं.

"उरलेल्या गोळ्या मी परत देल्ल्या," बाबुलाल त्याला म्हणाला. "आणि असत्या तरी देल्ल्या नसत्या. माह्या मापाचा बूट तुले कसा होईन? तुह्यी तपासणी नाई, तुले काय हाय ते कोणाले माईत नाई. पण मंगळवारी तुमसरले डॉक्टर येते, आणि माही बी सुट्टी हाय. मी येतो तुह्यासोबत."

"कोणी पाहिलं त?"

"पाहू दे."

मंगळवारी सकाळी मी शाळेच्या जुन्या कामासाठी तुमसरलाच चाललो होतो, म्हणून त्याच बसमध्ये होतो. भोजराज खिडकीजवळ, रुमाल डोक्याला बांधून, खाली मान घालून. बाबुलाल त्याच्या बाजूला. गोबरवाहीला एक ओळखीचा माणूस चढला आणि त्याने विचारलं, "काय बाबुलालभाऊ, सकायी सकायी कुठी?"

"दवाखान्यात," बाबुलाल मोठ्याने म्हणाला. "मनाच्या डॉक्टरकडे. बस ना, जागा हाय."

तो माणूस बसला आणि पावसाचं, धानावरच्या किडीचं बोलू लागला. भोजराजने हळूच मान वर केली आणि कोणतं औषध फवारलं, ते सांगायला लागला.